सीलबंद पियानोचा हट्ट मला महागात पडला

धुळ्यात महिन्यापूर्वी आलेल्या आपल्या नव्या उभ्या पियानोच्या मधल्या दोन पट्ट्या दाबल्यावर वर येत नाहीत आणि शोरूमवाले ‘वाजवत राहा, सुटतील’ एवढेच सांगतात, हे वाचून मला जळगावातील माझी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आठवली.

फ्रीज घेताना धरतो तोच हट्ट मी तेव्हा पियानो घेताना धरला होता : खोके सीलबंद हवे, उघडलेला माल नको. विक्रेत्याने तो आनंदाने मान्य केला, कारण पाठवण्यापूर्वी पियानो तयार करण्याची त्याची कारागिराची मजुरी वाचली. ते काम कोणते, हे मला पुढे मुंबईहून बोलावलेल्या ट्यूनरने, म्हणजे पियानो स्वरात लावणाऱ्या कारागिराने, पियानोची पुढची फळी उतरवून दाखवले. पियानो खोक्याबाहेर काढून काही दिवस हवेत रुळू द्यायचा. सव्वादोनशेच्या आसपास तारा स्वरात लावायच्या आणि नव्या तारा ताणून पुन्हा उतरतात म्हणून परत लावायच्या. ८८ पट्ट्या एका पातळीत आणून प्रत्येकीचा दाब सुमारे १० मिलिमीटर ठेवायचा. तारांवर आपटणाऱ्या हातोड्यांच्या नमद्यात (दाबलेल्या लोकरीत) सुया टोचून कर्कशपणा काढायचा. माझ्या अडकलेल्या पट्टीच्या भोकातील बनातीचे (जाड लोकरी कापडाचे) अस्तर फुगले होते. त्याने ते पकडीने हलकेच दाबले आणि पट्टी सुटली. पाच मिनिटेही लागली नाहीत.

त्या पाच मिनिटांसाठी मी चार महिने विक्रेत्याच्या सेवा विभागाला फोन करत होतो. आधी दोष वाहतुकीचा ठरला, मग ट्यूनिंग वॉरंटीत बसत नाही असे उत्तर मिळाले, शेवटी लेखी तक्रार मागितली गेली. मात्र पाठवण्यापूर्वी पियानो कोणी उघडला होता का, या साध्या प्रश्नाला त्यांनी एकदाही उत्तर दिले नाही.

मी कारागीर नाही, त्यामुळे आपल्या पियानोतही हेच झाले असेल असे छातीठोकपणे म्हणत नाही. परंतु पूर्वतयारी झाली होती का, हे शोरूमवाल्यांकडून लेखी घ्या आणि घरच्या पहिल्या ट्यूनिंगचा खर्च त्यांनीच करावा, असा आग्रह धरा. हार्मोनियम वर्षानुवर्षे सुरात राहते म्हणून पियानोही राहील, ही अपेक्षा सोडा. पहिल्या वर्षी तो अनेकदा लावावा लागतो. खोलीत कुलर असेल, तर त्याचे तोंड आजच फिरवा. आपल्याकडे दुपारी ४५ अंशांची कोरडी झळ आणि रात्री कुलरची ओल, हे लाकडाला मुळीच मानवत नाही.

तेवढे शिलाई मशीनचे तेल मात्र पट्टीत सोडू नका. मी दुसऱ्या एका पट्टीत सोडले होते. तिची बनात बदलावी लागली.