बोल्ट काढून स्टड लावू का? आणि चाकांचे आणखी काही प्रश्न

प्रश्न : सर नमस्कार, माझी फोक्सवॅगन पोलो आहे, सेकंड हँड घेतलेली. गेल्या पावसाळ्यात ईस्टर्न एक्सप्रेस हायवेवर विक्रोळीच्या पुढे पंक्चर झाली, स्टेपनी लावायला घेतली तर चाक दोन्ही हातांनी उचलून धरायचं आणि त्याच वेळी बोल्टचं भोक पण शोधायचं, बायको छत्री आणि मोबाईलचा टॉर्च धरून उभी, बाजूने डंपर चाललेत, पार घाम निघाला. भावाच्या ह्युंदाईला हबवरच, म्हणजे चाक ज्या भागावर बसतं त्यावरच, स्टड आहेत, आटे असलेले बाहेर आलेले दांडे, चाक अडकवलं, नट फिरवले, झालं. ऑफिसातला मित्र म्हणतो स्टडचा किट मिळतो, बोल्ट काढून ते बसव आणि वरून नट लाव. करू का? शिवाय पंक्चरवाल्याने परवा बोल्ट आवळायच्या गनने बोल्ट मारले तेव्हापासून एक बोल्ट अर्ध्यात जड जातोय.
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : तुम्ही 'शिवाय' म्हणून जे शेवटी लिहिलंय ना, ते आधी बघू, कारण खरी भानगड तिथे आहे. अर्ध्यात जड जाणारा बोल्ट म्हणजे बहुतेक तो आट्यात तिरका घुसवलाय. बोल्ट बाहेर काढा, ब्रशने साफ करा आणि आटे नीट बघा, मग तोच बोल्ट दुसऱ्या भोकात हाताने फिरवून बघा, आणि चांगला बोल्ट या भोकात. बोल्टच खराब असेल तर नवीन घ्या, विषय संपला. पण चांगला बोल्टसुद्धा तिथे अडकत असेल तर हबचे आटे दुखावलेत. थोडेच दुखावले असतील तर मेकॅनिककडून एम१४ (१४ मिलिमीटर जाडीचा), पिच १.५ (दोन आट्यांमधलं अंतर १.५ मिलिमीटर) चा टॅप, म्हणजे आटे साफ करायचं हत्यार, हाताने, सावकाश फिरवून घ्या, आणि टॅपबरोबर धातूचे तुकडे निघायला लागले, आटेच शिल्लक नाहीत असं दिसलं, तर हब बदलायचा, जुगाड नको.

आता स्टडचं. बोल्टवाल्या गाडीत आटे हबच्या पोटात असतात, दर वेळी चाक काढलं-घातलं की झीज त्या हबची होते. नटवाल्या गाडीत झीज होते स्टडची आणि नटाची, आणि स्टड बदलणं हबपेक्षा कितीतरी स्वस्त. स्टडचा खरा फायदा हा आहे, चाक अडकवायची सोय हा वरचा बोनस. म्हणजे जो माणूस सारखी चाकं बदलतो, ट्रॅकवर चेन्नई-कोइंबतूरला गाडी नेतो, त्याला स्टड परवडतात. तुमच्यासारख्याचं चाक वर्षात कितीदा निघणार? सर्व्हिसिंगला, अलाइनमेंट-बॅलन्सिंगला आणि पंक्चरला. आणि एक गोष्ट तुमच्या मित्राने सांगितली नसणार, स्टड शेवटी त्याच भोकात जातो. हबचे आटे गेले असतील तर स्टड लावून ते बरे होत नाहीत, उलट दुखणं झाकलं जातं.

तुमचा त्रास फक्त चाक उचलून धरायचा असेल तर त्याला गाइड पिन घ्या. डोकं नसलेला लांब बोल्ट असतो, तेच आटे. वरच्या भोकात हाताने फिरवायचा, चाक त्यावर लटकवायचं, बाकीचे चार बोल्ट हाताने चढवायचे, मग पिन काढून पाचवा. मर्सिडीजवाले असली पिन गाडीच्या टूलकिटमध्येच देतात, म्हणजे हा काही गरिबाचा जुगाड नाही. विकत नाही मिळाली तर कुर्ल्याला कुठल्याही लेथवाल्याकडे एम१४ चा लांब बोल्ट न्या, डोकं उडवायला सांगा, टोकाला पेचकसाची खाच मारून घ्या, पिशवीत घालून स्टेपनीच्या खड्ड्यात टाका. माझा सल्ला इथेच संपतो खरं तर.

पण तुम्ही ऐकणार नाही हे मला माहितीये, मुंबईत किट दिसला की हात शिवशिवतात, म्हणून पुढचं लिहितोय. पहिलं म्हणजे नटाची बैठक. फोक्सवॅगन-स्कोडाच्या ओरिजिनल चाकाच्या भोकातली बैठक गोल असते, वाटीसारखी, तिला बॉल सीट म्हणतात. बाजारातल्या बऱ्याच अलॉयला ६० अंशाची शंकूसारखी बैठक असते, आणि किटबरोबर येणारे नटसुद्धा बहुतेक शंकूवालेच असतात. शंकूचा नट गोल बैठकीत घातला तर तो टाइट होतो, टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराला क्लिक देणारा पाना) क्लिकही देतो, पण टेकतो फक्त एका बारीक रेघेवर, आणि थोड्या किलोमीटरनंतर तिथलं अॅल्युमिनियम दबून नट ढिला पडतो. तपासायचं सोपं आहे, नटाच्या तोंडाला मार्करची शाई लावा, हाताने घट्ट करा, काढा, आणि चाकावर उमटलेलं बघा. रुंद पट्टा उमटला तर बरोबर, केसाएवढी रेघ उमटली तर तो नट दुकानदाराला परत. आणि पुढची मेख अशी की तुमची स्टेपनी लोखंडी असेल आणि चार चाकं बाहेरची अलॉय, तर दोघांच्या बैठका वेगळ्या असू शकतात, म्हणजे पुन्हा त्याच हायवेवर पावसात चुकीचे नट हातात घेऊन तुम्ही उभे.

दुसरं, लांबी. हबमध्ये स्टड निदान त्याच्या जाडीइतका आत गेला पाहिजे, एम१४ म्हणजे १४ मिलिमीटर, १.५ च्या पिचला साधारण नऊ-साडेनऊ फेरे. नटाने पण बाहेरच्या बाजूला तितकेच आटे धरायला हवेत. फार आत गेला तर मागे घासतो, मागच्या ड्रमच्या आत ब्रेक शू असतात, कुठे सेन्सरची वायर असते, म्हणून चाक न लावता हब हाताने पूर्ण फिरवून कान लावून ऐका. बाहेर फार लांब राहिला आणि वर बंद तोंडाचे चकचकीत नट लावले तर नट चाकाला टेकायच्या आधी आतून स्टडच्या टोकाला टेकतो. पान्याला वाटतं टाइट, चाक मात्र मोकळं! असल्या वेळी उघड्या तोंडाचे नट बरे, दिसायला नसतील भारी.

तिसरं, स्टड हबमध्ये राहिला पाहिजे, नटाबरोबर बाहेर यायला नको. त्यासाठी भोक ब्रेक क्लीनरने धुऊन, कोरडं करून, लाल रंगाचं पक्कं थ्रेडलॉकर, म्हणजे आटे चिकटवून धरणारा गोंद, लावतात, तेही जास्त तापमानाचं, कारण ब्रेकची उष्णता तिथे येते. स्टड बेताच्या जोराने बसवायचा, आणि २४ तास गाडी हलवायची नाही. गॅरेजवाला म्हणेल 'साहेब, तासाभरात घेऊन जा', नाही न्यायची. हेही लक्षात घ्या की ते थ्रेडलॉकर पुन्हा काढायचं तर साधारण अडीचशे अंशापर्यंत तापवावं लागतं आणि शेजारीच बेअरिंगचं ग्रीस असतं, म्हणजे मन बदललं तर परतीची वाट महाग आहे. स्टडवर १०.९ ग्रेडचा, म्हणजे मजबुतीचा, शिक्का आहे का बघा, नसेल तर हात लावू नका.

आणि घट्ट करणं. चाक बोल्टवर टांगलेलं नसतं, ते हबला दाबून धरलेलं असतं आणि त्या दाबातल्या घर्षणावर चालतं. पोलोला १२० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, सांगितलाय, तेवढ्यात एकेक बोल्ट अंदाजे चार टनाने चाक दाबतो, म्हणून गनवाल्याचा 'टर्रर्र' झाला म्हणजे झालं असं नाही. टॉर्क रेंच, चांदणीच्या क्रमाने म्हणजे एक सोडून एक, आणि बदल केल्यावर ५० ते १०० किलोमीटरला परत तपासायचं. गाडी वॉरंटीत किंवा इन्शुरन्स क्लेमच्या भानगडीत असेल तर हा बदल आधी कळवा, नंतर बोट तुमच्याकडेच येणार.

प्रश्न : आमच्या जुन्या आय-टेनचा एक स्टड पंक्चरच्या दुकानात तुटला. पंक्चरवाला दादा म्हणाला तीनवर आरामात चालते, चालवू का?
– एक वाचक, बोरिवली

उत्तर : जवळच्या गॅरेजपर्यंत, हळू, हायवे टाळून. रोज नाही. चारातला एक गेला म्हणजे बाकी तिघांवर भार वाढला, आणि जो तुटला तो ज्या गनने तुटला त्याच गनने बाकीचे पण ताणलेले असणार, त्यामुळे त्या चाकाचे चारही स्टड बदलून घ्या, तेवढा खर्च करा. तुमच्या गाडीत स्टड मागून दाबून बसवलेले असतात, त्यांच्या मानेला बारीक दातरे असतात, तेच त्याला फिरू देत नाहीत. तुटलेला हातोडीने मागे ठोकून काढतात, नवा घालून वॉशर आणि नटाने ओढून बसवतात. मागे जागा नसेल तर हब काढावा लागतो, मेकॅनिक जास्त पैसे सांगत असेल तर कारण हे असू शकतं. ओढताना गन नको, पान्याने. आणि तुटलेल्याच्या जागी फक्त वेल्डिंग करून देतो म्हणणारा भेटला तर चावी परत मागा.

प्रश्न : चाकचोरी टाळायला लावलेल्या लॉक बोल्टचा अडॅप्टर (तो काढायची खास चावी) हरवला, आता?
– एक वाचक, दादर

उत्तर : आधी गाडीचे कागद आणि ग्लोव्ह बॉक्स उलटेपालटे करा, अडॅप्टरचा कोड बहुतेकदा एखाद्या छोट्या कार्डावर असतो. कोड मिळाला तर नवा अडॅप्टर मागवता येतो. नाही मिळाला तर चांगलं टायरचं दुकान काढून देईल, मग चारही चाकांच्या लॉक बोल्टच्या जागी साधे बोल्ट लावून टाका.

प्रश्न : आम्ही वरळीला समुद्रासमोर राहतो, चाकाचे बोल्ट गंजतात आणि निघता निघत नाहीत. आट्यांना ऑइल लावून ठेवू का?
– एक वाचक, वरळी

उत्तर : नको. कंपनीचा टॉर्कचा आकडा कोरड्या आट्यांसाठी असतो. ऑइल लावलं की घर्षण कमी होतं आणि त्याच आकड्याला बोल्ट कितीतरी जास्त ताणला जातो, आधी ताणतो आणि मग एक दिवस तुटतो. खाऱ्या हवेत बऱ्याचदा अडकतं ते चाक, बोल्ट नाही, हबच्या मधल्या कडेला गंजून चिकटतं. पावसाळ्याआधी चाकं काढा, हबचा चेहरा आणि ती मधली कडा तारेच्या ब्रशने घासा, कडेला, फक्त कडेला, बोटाने अगदी पातळ ग्रीस फिरवा, चाक जिथे दाबून बसतं तो सपाट भाग कोरडाच ठेवा. बोल्ट गंजले असतील तर ब्रशने साफ करा, खड्डे पडलेत असं दिसलं तर सेट बदला.