ओरॅकल की मायएसक्यूएल, हे नंतर बघू

प्रश्न : मी वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षाला आहे. डेटा अ‍ॅनालिस्ट व्हायचं म्हणून डेटाबेसचे बरेच व्हिडिओ पाहिले. बघताना सगळं कळतं, पण स्वतः क्वेरी लिहायला बसले की काही सुचत नाही. कुणी ओरॅकल शिक म्हणतं, कुणी मायएसक्यूएल, कुणी पोस्टग्रेस. प्रोग्रामिंग येत नाही, त्यामुळे अडेल का?

उत्तर : अडणार नाही. एसक्यूएल ही डेटाबेसला प्रश्न (म्हणजेच क्वेरी) विचारायची भाषा. तिच्यात काय हवं एवढंच आपण सांगायचं असतं. ते कसं शोधायचं ते सॉफ्टवेअर बघून घेतं. सॉफ्टवेअरच्या नावांत फार गुंतू नकोस. आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या रिलेशनल मॉडेलवरच (माहिती एकमेकांशी जोडलेल्या टेबलांत ठेवायची पद्धत) तू लिहिलेली तिन्ही उभी आहेत. सुरुवातीला लागणारं एसक्यूएल सगळीकडे जवळपास सारखंच. सरावाला एसक्यूलाइट हे छोटं डेटाबेस सॉफ्टवेअर घे. सर्व्हर लावायची कटकट नाही, अख्खा डेटाबेस एका फाइलमध्ये मावतो. मात्र ते जरा सैल आहे. आकड्याच्या रकान्यात अक्षरं घातली तरी सहसा चालवून घेतं, फॉरेन की (दुसऱ्या टेबलातल्या नोंदीकडे बोट दाखवणारा रकाना) तपासणंही मुद्दाम चालू करावं लागतं. म्हणून हात बसला की पोस्टग्रेसवर जा.

तू अडतेस ती क्वेरीत नाही, त्याच्या आधी. व्हिडिओत टेबलं आयती मिळतात. ती स्वतः कागदावर पाड. वाचनालय घे : सभासद, पुस्तकं आणि देवघेव. देवघेवीत सभासदाचं नाव-पत्ता लिहायचा नाही, फक्त त्याचा क्रमांक. रोजकीर्दीत प्रत्येक नोंदीपुढे गिऱ्हाइकाचा पत्ता लिहीत नाहीत, तसंच हे. सभासदांच्या टेबलात तो क्रमांक प्रायमरी की, म्हणजे प्रत्येकाची वेगळी ओळख; देवघेवीत तोच फॉरेन की. प्रायमरी की, फॉरेन की यांच्या व्याख्या मग पाठ कराव्या लागत नाहीत.

आता प्रश्न विचार. कोणती पुस्तकं अजून परत आलेली नाहीत? परतीची तारीख 'बरोबर नल' असं लिहिलंस तर एकही ओळ येणार नाही, आणि एररही नाही! नल म्हणजे माहितीच नाही. तिची बरोबरी कशाशी करणार? तिथे 'इज नल' लागतं.

पुढचा प्रश्न : प्रत्येक सभासदाने किती पुस्तकं नेली? दोन टेबलं जोडायची म्हणजे जॉइन. साध्या जॉइनमध्ये एकही पुस्तक न नेलेले सभासद यादीतूनच गायब होतात. सभासदांचं टेबल डावीकडे ठेवून लेफ्ट जॉइन केलंस की ते दिसतील. पण 'काउंट' करून कंसात तारा (*) दिलास तर त्यांच्या नावापुढे शून्याऐवजी एक येईल, कारण ती ओळ तर आहेच, फक्त तिची देवघेवीची बाजू रिकामी आहे. तारेऐवजी देवघेव क्रमांकाचा रकाना मोज. हे कागदावर चार ओळी मांडून पाहा. जॉइन आणि ग्रुप बाय (इथे सभासदागणिक ओळींचे गट करणं) इतके पक्के झाले की मुलाखतीतले बरेच प्रश्न सुटतात.

नॉर्मलायझेशन, म्हणजे एकच माहिती पुन्हा पुन्हा येणार नाही अशी टेबलं पाडणं, तूर्त तिसऱ्या नॉर्मल फॉर्मपर्यंत पुरे. शोध वेगाने व्हावा म्हणून लावतात तो इंडेक्स नंतर. ट्रान्झॅक्शन (एकत्र पक्के किंवा रद्द करायचे बदल) मात्र लवकर शीक. कोणत्या ओळी ते सांगणारं 'व्हेअर' विसरून अपडेट चालवलं तर सगळ्या ओळी बदलतात. आधी 'बिगिन' दिलेलं असेल तर रोलबॅक करता येतं, म्हणजे बदल मागे घेता येतात. कमिट झालं, म्हणजे बदल पक्के झाले, की बॅकअप शोधत बसायचं.

क्लासचं तू विचारलेलं नाहीस, तरी सांगते. वरचे दोन प्रश्न कुठेही न बघता सुटेपर्यंत पैसे भरू नकोस. त्यानंतर क्लास लावायचाच असेल तर जिथे टेबलं आयती न देता विद्यार्थ्यांकडून बनवून घेतात, असा निवड.