शब्दशंका : ‘अल्टर’, ‘अमेंड’ आणि त्यांची भावंडे

प्रश्न : मी कायद्याच्या कागदपत्रांचे मराठी भाषांतर करायला शिकते आहे. इंग्रजी समानार्थी कोशात ‘चेंज’ या शब्दाखाली ‘अल्टर’, ‘मॉडिफाय’, ‘अमेंड’, ‘अडॅप्ट’ हे सारे शब्द एकाच ओळीत दिलेले असतात. संविधानाच्या अनुच्छेद ३७२ मध्ये मात्र जुने कायदे ‘ऑल्टर्ड ऑर रिपील्ड ऑर अमेंडेड’ होईपर्यंत अमलात राहतील, असे म्हटले आहे. या शब्दांत खरोखर फरक आहे का? सगळीकडे ‘बदलणे’ लिहिले तर काय बिघडेल? (एक वाचक, सातारा)

उत्तर : समानार्थी कोश कोणते शब्द एकमेकांच्या शेजारी राहतात एवढेच सांगतो, कोणता शब्द कोणाच्या जागी बसेल, हे तो सांगत नाही. या क्रियापदांपुरता मी स्वतःला नेहमी एक प्रश्न विचारतो, तो असा की, बदल झाल्यावर पूर्वीचे काय शिल्लक राहिले?

‘चेंज’ हा सर्वांत मोकळा शब्द आहे. त्याचे मूळ अदलाबदलीच्या अर्थाच्या उत्तरकालीन लॅटिन शब्दात आहे, आणि सुट्ट्या पैशांना आपण ‘चेंज’ म्हणतो त्यात तो अर्थ अजून टिकून आहे. म्हणून कपडे ‘चेंज’ केले म्हणजे एक जोड उतरवून दुसरा घातला. कपडे ‘अल्टर’ केले म्हणजे शिंप्याने तीच विजार कमरेत घेऊन दिली. ‘अल्टर’मध्ये वस्तू तीच राहते, पण तिच्यात वेगळेपण येते. लॅटिनमध्ये ‘अल्टर’ म्हणजे दोहोंपैकी दुसरा. हे वेगळेपण चांगले की वाईट, याविषयी हा शब्द काहीच बोलत नाही.

‘अमेंड’ मात्र बोलतो. त्याच्या मुळाशी ‘मेंडा’ म्हणजे दोष हा लॅटिन शब्द असून तो दोष काढून टाकणे हा ‘अमेंड’चा मूळ अर्थ आहे. धनादेशावरील रक्कम कोणी परस्पर खाडाखोड करून वाढवली, तर १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाचे कलम ८७ त्याला ‘मटेरियल अल्टरेशन’ म्हणते. तिथे ‘अमेंडमेंट’ हा शब्द शोभलाच नसता. मराठीतील ‘दुरुस्ती’ हा शब्द ‘अमेंड’शी जितका जुळतो तितका दुसरा कोणताही जुळत नाही, असे माझे मत आहे.

‘मॉडिफाय’ ‘मोडस’ म्हणजे माप या शब्दापासून आला. आवर घालणे, सौम्य करणे हा त्याचा इंग्रजीतील जुना अर्थ आजही पुसटसा जाणवतो, कारण ‘मॉडिफाय’ केलेली गोष्ट मर्यादेत बदललेली असते. ‘अडॅप्ट’मध्ये नव्या परिस्थितीत चपखल बसवण्याचा हेतू असतो. आपण उल्लेखिलेल्या अनुच्छेदातच पुढे राष्ट्रपतींना जुन्या कायद्यांत ‘अडॅप्टेशन्स अँड मॉडिफिकेशन्स’ करण्याचा अधिकार दिला आहे. पारतंत्र्यातील कायदे नव्या संविधानाशी जुळवून घ्यायचे होते, म्हणून तिथे ‘अडॅप्ट’ आला. त्यासाठी ‘अनुकूलन’ हाच शब्द वापरावा. ‘रिपील’ तर या कुळातलाच नाही, कारण त्यात पूर्वीचे काहीच शिल्लक राहत नाही. तिथे ‘निरसन’ किंवा ‘रद्द करणे’ लिहावे.

सगळीकडे ‘बदलणे’ लिहिल्याने काय बिघडते, हे केशवानंद भारती खटल्यावरून दिसते. २४ एप्रिल १९७३ रोजी तेरा न्यायमूर्तींच्या पीठाने सात विरुद्ध सहा अशा बहुमताने निर्णय दिला की, अनुच्छेद ३६८ खाली संसदेला संविधान ‘अमेंड’ करता येते, परंतु त्याची मूलभूत चौकट ‘अल्टर’ करता येत नाही. न्यायमूर्ती एच. आर. खन्ना यांच्या विवेचनाचा भर ‘अमेंडमेंट’ या शब्दाच्या अर्थावरच होता: ज्याची दुरुस्ती केली ते दुरुस्तीनंतर आपली ओळख राखून उरले पाहिजे. आता दोन्ही ठिकाणी ‘बदलणे’ लिहून पाहा. ‘संविधान बदलता येते, पण चौकट बदलता येत नाही’ हे वाक्य वरवर बरोबर वाटते, परंतु दुसरी मर्यादा पहिल्या शब्दातूनच निघते, हे मराठी वाचकाला कधीच कळणार नाही. ‘संविधानात दुरुस्ती करता येते, पण त्याची मूलभूत चौकट पालटता येत नाही’ असे लिहिले की युक्तिवाद उभा राहतो. भाषांतरकाराने या जागी आळस करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

प्रश्न : ‘रीअरेंज’, ‘रीशफल’ आणि ‘रीऑर्गनाइज’ या तिन्हींना ‘पुनर्रचना’ म्हणावे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : नाही. ‘रीअरेंज’मध्ये काही नवे येत नाही आणि जुने काही जात नाही, फक्त जागा बदलतात. दिवाणखान्यातील खुर्च्या इकडच्या तिकडे केल्या, तर ती ‘फेरमांडणी’ होय. बैठक ‘रीअरेंज’ केली, असे म्हटले तर मात्र तिची वेळ बदलली, असा अर्थ होतो.

‘रीशफल’ हा पत्ते पिसण्यातून आलेला शब्द आहे. मंत्रिमंडळाच्या ‘रीशफल’साठी आपली वृत्तपत्रे ‘खांदेपालट’ लिहितात, आणि मला तो मूळ शब्दापेक्षाही सरस वाटतो. पत्ते पिसण्यात कोणते पान कुठे जाईल याचा नेम नसतो. खांदेपालटात भार तोच राहतो आणि तो वाहणारे खांदे बदलतात, हे राज्यकारभाराला अधिक शोभते. नुसती नव्या मंत्र्यांची भर पडली, तर मात्र तो ‘विस्तार’ असतो.

‘पुनर्रचना’ हा शब्द ‘रीऑर्गनाइज’साठी राखून ठेवावा, कारण तिथे घडणच नव्याने होते. १९५६ चा राज्य पुनर्रचना कायदा आणि १९६० चा मुंबई पुनर्रचना कायदा ही त्याची उदाहरणे आहेत. दुसऱ्या कायद्यामुळे १ मे १९६० रोजी एका राज्याच्या जागी महाराष्ट्र आणि गुजरात ही दोन राज्ये आली. राज्याची केवळ सीमा किंवा नाव बदलायचे असेल, तर संविधानाचा अनुच्छेद ३ ‘अल्टर’ हेच क्रियापद वापरतो, हेही लक्षात घेण्यासारखे आहे.

प्रश्न : आमच्या कार्यालयात हिंदी परिपत्रकांवरून मराठी मसुदे तयार होतात. त्यांत ‘संशोधित आदेश’ असे लिहिलेले असते. ते योग्य आहे का? (एक वाचक, मुंबई)

उत्तर : हिंदीत योग्य, मराठीत चुकीचे. हिंदीत ‘संशोधन’ म्हणजे ‘अमेंडमेंट’. मराठीत ‘संशोधन’ म्हणजे ‘रिसर्च’. त्यामुळे ‘संशोधित आदेश’ वाचून मराठी माणसाला कोणी तरी आदेशाचा अभ्यास केला असावा, असे वाटेल. आपण ‘सुधारित आदेश’ लिहावे. कायद्याच्या शीर्षकात ‘(सुधारणा) अधिनियम’ आणि संविधानासंबंधी ‘घटनादुरुस्ती’ हे शब्द रुळलेले आहेत.

अशीच एक चूक ‘म्युटेशन’ या शब्दाबाबत होऊ शकते. जीवशास्त्रात त्याला ‘उत्परिवर्तन’ म्हणतात, परंतु जमिनीच्या कागदपत्रांत हा शब्द आला, तर तो गाव नमुना ६ मधील ‘फेरफार’ असतो. खरेदी किंवा वारसा झाल्यावर जमीन तीच राहते आणि सातबाऱ्यावरचे नाव बदलते. तलाठ्यापासून शेतकऱ्यापर्यंत सगळे ज्याला फेरफार म्हणतात, त्याला मसुद्यातही फेरफारच म्हणावे.