गाडी घ्यावी की नुसतं फिरून यावं?

प्रश्न: आम्ही नवरा-बायको, दोघंही 31 वर्षांचे, चिंचवडला राहतो. हातात मिळून 95 हजार येतात, घराचा हप्ता 28 हजार. अलिबागपासून गोव्याच्या हद्दीजवळच्या रेडीपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने, मुक्काम करत 12 दिवस जायचंय. त्यासाठी वापरलेली मारुती ईको व्हॅन 4 लाखांच्या कर्जावर घ्यावी आणि एफडीतले 1.5 लाख मोडून आत पलंग-ओटा करावा, असं चाललंय. एफडी साडेतीन लाखांची आहे. घरची हॅचबॅक आहे, तिचं कर्ज फिटलंय. मूल होण्याआधी एकदा मनसोक्त फिरायचंय.

उत्तर: ताई, जरूर जा. गाडी मात्र घेऊ नका.

जुन्या गाडीच्या कर्जाला 14 टक्के व्याज धरलं, तर 5 वर्षांसाठी हप्ता 9,300च्या आसपास बसतो आणि व्याजापोटीच दीड लाखाच्या वर जातात. विमा, सर्व्हिसिंग, टायर यांचे वर्षाला 25 हजार धरा. आता ती गाडी वापरणार किती? जून ते सप्टेंबर कोकणात धो-धो पाऊस. एप्रिल-मेच्या दमट उकाड्यात पत्र्याच्या डब्यात झोप लागत नाही. उरलेल्या महिन्यांत नोकऱ्या सांभाळून 25 रात्री काढल्यात तरी पुष्कळ. म्हणजे एका रात्रीला जवळपास साडेपाच हजार, आणि त्यात आतल्या कामाचे दीड लाख धरलेलेच नाहीत.

त्या कामाचंही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल करता येत नाहीत. आरटीओत नोंद नसेल तर अपघातानंतर विमा कंपनी दावा नाकारू शकते.

पण मला खरी काळजी वेगळीच आहे. हे 5 वर्षांचे हप्ते नेमके बाळाच्या वर्षांत येतात. बाळंतपणाची रजा लांबली, काही महिने एकाच पगारावर आलात, तर घराचा हप्ता ती एफडीच भरणार. तुमचा महिन्याचा खर्च हप्त्यासकट 60 हजार धरला तर साडेतीन लाख सहा महिनेही पुरत नाहीत. त्यातले दीड काढलेत तर जेमतेम तीन महिन्यांचे उरतील. तिला हात लावू नका.

आता सहलीचं. हॅचबॅकच न्या. येऊन-जाऊन 1,300 किलोमीटर धरले तर पेट्रोल साडेआठ हजारांचं. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड या चार जंगलजेट्टींना, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटींना, दीड हजार बाजूला ठेवा. गाडीसकट खाडी ओलांडायची, वळसा वाचतो आणि मजाही येते. तंबू, चटया, छोटी शेगडी 12 हजारांत होईल. सात रात्री तंबूत, पाच घरगुती निवासात, असे मुक्कामाचे 15 हजार आणि जेवणाखाण्याचे साधारण तेवढेच. वर पाचेक हजार हाताशी. एकूण 57 हजार.

तंबू किनाऱ्यावर नको, कुणाच्या तरी नारळी-पोफळीच्या वाडीत विचारून ठोका. अंजर्ल्याला आम्ही तसा ठोकला होता. पहाटे कापड दवाने पिळून काढण्याइतकं भिजलेलं, आणि पडवीत काकूंनी चुलीवरून थेट ताटात टाकलेली घावनं, सोबत नारळाचा रस. तंबूच्या जागेइतकेच पैसे त्या न्याहारीचे दिले, आणि ते आनंदाने दिले.

जूनपासून महिना 8 हजारांची आरडी (आवर्ती ठेव) सुरू करा. डिसेंबरपर्यंत 7 हप्ते, व्याज धरून 57 हजार होतात. गाडीच्या हप्त्यापेक्षा हे कमीच आहे. जानेवारीत निघा, हवा छान असते. चाकांवरच झोपायची हौस असेल तर दोन रात्रींपुरती कॅम्पर भाड्याने घ्या, पण काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेलीच. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने घेतलीत तर विम्याचा घोळ होतो.

सहलीहून आल्यावरही ती आरडी 8 हजारांनीच चालू ठेवा, आता बाळासाठी. आणि तुमची आरोग्य विम्याची पॉलिसी आजच उघडून वाचा. बाळंतपणाच्या खर्चाला बऱ्याच पॉलिसींत काही वर्षं थांबावं लागतं. तुमच्या पॉलिसीत किती लिहिलंय ते कळवा, म्हणजे आरडीची रक्कम पुरेशी आहे का ते सांगते.