आयव्हीआयजी (शिरेतून दिलं जाणारं अँटीबॉडीजचं औषध) घेतल्यावर हिपॅटायटिस बी कोअर अँटीबॉडी पॉझिटिव्ह आली, डोकंही दुखतंय. लागण झाली का?

बहुधा नाही. आयव्हीआयजी हजारो दात्यांच्या प्लाझ्मातून बनते. त्यांच्या अँटीबॉडीज तुमच्या रक्तात उसन्या येतात आणि चाचणी त्यांनाच पकडते. आयजीजीचं (म्हणजे याच अँटीबॉडीजचं) अर्धायुष्य, म्हणजे निम्म्या व्हायला लागणारा वेळ, साधारण 3 ते 4 आठवडे, म्हणून हा उसना माल काही महिने दिसू शकतो. विषाणू खरंच आहे का, हे एचबीएसएजी (विषाणूच्या पृष्ठभागावरचं प्रथिन) आणि एचबीव्ही डीएनए (विषाणूचा जनुकीय अंश) या चाचण्या सांगतात. डॉक्टरांना विचारून त्या कराच. आयव्हीआयजीच्या आधीचा निगेटिव्ह रिपोर्ट सापडला तर सोन्याहून पिवळं.

आयव्हीआयजीनंतर डोकेदुखी नेहमीचीच. पुढच्या वेळी ड्रिपचा वेग कमी ठेवायला सांगा, पाणी भरपूर प्या. पण मान आखडली, उलट्या थांबेनात, छातीत दुखलं किंवा एकच पाय सुजला, तर थांबू नका, लगेच दवाखाना गाठा.