साध्या मोबाईलवर घरच्या जेवणाचे भूक लागेल असे फोटो कसे काढावेत?

तुम्ही विचारले आहे की गावात राहून, हाताशी फक्त साधा मोबाईल असताना, घरी केलेल्या पदार्थांचे फोटो पिवळट आणि निर्जीव येतात. कॅमेरा किंवा दिवे विकत न घेता ते सुधारता येतील का. नक्की येतील. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते. आमच्या बचत गटाच्या पापड-कुरड्यांचे, मिरचीपुडीचे आणि मागणीप्रमाणे करून दिलेल्या जेवणाचे फोटो मीच काढते, त्यामुळे पुढे जे लिहिते आहे ते आमच्याच ओसरीत करून पाहिलेले आहे.

मोबाईल बदलण्याआधी ताट ठेवण्याची जागा बदला, हे माझे पहिले आणि सर्वांत महत्त्वाचे सांगणे. सुरुवातीला मी पाटवडीच्या रस्स्याचा फोटो रात्री, स्वयंपाकघरात ट्यूबलाइटखाली फ्लॅश लावून काढला होता. तर्रीवर मधोमध एक पांढरा डाग उमटला, वड्या पुठ्ठ्याच्या तुकड्यांसारख्या सपाट दिसल्या आणि फोटो पाहून एका बाईंनी विचारले, "हा रस्सा कालचा हाये का?" रस्सा तासाभरापूर्वीच चुलीवरून उतरवलेला होता, म्हणून ते मला फार लागले. पुढे कारण कळले. मोबाईलचा फ्लॅश लेन्सला अगदी लागून असतो, त्यामुळे त्याचा उजेड पदार्थावर समोरूनच पडतो आणि पडलेली सावली पदार्थाच्या मागे लपते. भाकरीवरचे फोड, झुणक्याचा मोकळा दाणा, पाटवडीची खरबरीत कड, तर्रीची चमक हे सगळे आपल्याला उजेड आणि सावली यांच्या बारीक बारीक फरकातूनच दिसत असते. सावली गेली की पदार्थ रंगीत चिखलासारखा दिसू लागतो.

म्हणून उजेड बाजूने किंवा मागून आला पाहिजे. हे मनात ठसवण्यासाठी एक प्रयोग करा. सकाळी खिडकीपासून किंवा उघड्या दारापासून हातभर अंतरावर पाट ठेवून त्यावर एक भाकर ठेवा, आणि पाट न हलवता त्याच्याभोवती फिरून चार फोटो काढा: एक खिडकी तुमच्या पाठीमागे असताना, दोन ती डाव्या-उजव्या हाताला असताना आणि एक ती भाकरीच्या पलीकडे असताना. चारही फोटो शेजारी ठेवून पाहिले की पुढचे बरेचसे सांगणे अनावश्यक ठरेल. ताट खिडकीजवळ असले की उजेड-सावलीतला फरक ठळक राहतो, आणि खोलीत जसजसे आत न्याल तसतसा उजेड मंद आणि सपाट होत जातो, हेही याच प्रयोगात पाट सरकवून पाहता येते.

फोटो काढताना घरातले दिवे बंद करा. बल्बचा उजेड पिवळा आणि खिडकीतला त्या मानाने निळसर असतो. मोबाईल एका वेळी एकाच उजेडाचा रंग सुधारू शकतो, त्यामुळे दोन्ही एकत्र आले की भाताची एक बाजू पिवळी आणि दुसरी निळी दिसते. भिंतींकडेही लक्ष द्या, कारण आपल्याकडे निळ्या किंवा पोपटी ऑइलपेंटच्या भिंती पुष्कळ असतात आणि त्यांचा रंग परावर्तित होऊन पदार्थावर येतो. उन्हाळ्यात अंगणावर जी हिरवी नेट बांधतो तिच्याखाली तर काहीही काढू नये, वरणभातसुद्धा आजारी दिसतो.

आता उजेड कुठला निवडावा. थेट ऊन नको, कारण त्यात सावल्या काळ्याकुट्ट आणि पांढरे भाग जळाल्यासारखे होतात. उत्तरेकडची खिडकी मिळाली तर ती सर्वांत चांगली. यवतमाळचा परिसर 20 अंश उत्तर अक्षांशाच्या थोडा वर आहे, त्यामुळे दुपारचा सूर्य वर्षातला बहुतेक काळ दक्षिणेकडे कललेला असतो; मेच्या शेवटच्या आठवड्यापासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंतच तो माथ्याच्या उत्तरेला जातो. हिवाळ्यात तर उत्तरेच्या खिडकीतून थेट ऊन येतच नाही, दिवसभर आभाळाचा मऊ उजेड मिळतो. दुसऱ्या दिशेची खिडकी असेल तर तिच्यावर जुने पांढरे धोतर एकपदरी ताणून बांधा. पांढरेच घ्या, रंगीत ओढणी नको. समोरच्या बाजूची सावली फार गडद वाटली तर ताटाच्या त्या बाजूला थर्माकोलचा तुकडा किंवा पांढरा पुठ्ठा उभा करा, उजेड परतून सावली भरून येते. पावसाळ्यात मात्र उलट अडचण असते: ढगाळ आभाळाचा उजेड इतका सर्व बाजूंनी येतो की सावलीच उरत नाही, तेव्हा मी एका बाजूला काळी घोंगडी टांगून तिकडचा उजेड अडवते.

तर्रीबद्दल सविस्तर लिहायला हवे, कारण आपल्या भागातल्या जेवणाचे रूपच तिच्यात आहे. तर्री म्हणजे वर आलेले लाल तेल, आणि तेल आरशासारखे वागते. उजेड मागून तिरका आला तर तिच्यावर चमक येते, पण मोबाईल नेमका परावर्तित उजेडाच्या वाटेत आला तर सगळा पृष्ठभाग पांढरा होतो. अशा वेळी ताट न हलवता मोबाईल चार बोटे वर किंवा बाजूला घ्या, डाग सरकून वाटीच्या कडेला जातो आणि खालचा लाल रंग उघडा पडतो. रस्स्याची वाफ दिसावी असे वाटत असेल तर उजेड मागूनच हवा आणि वाफेच्या मागे काहीतरी गडद हवे. पांढऱ्या भिंतीपुढे वाफ दिसत नाही. गरम रस्सा वाढल्यावर वाफ फार वेळ टिकत नाही, म्हणून आधी रिकामी वाटी ठेवून जागा, कोन आणि उजेड ठरवून घ्यावा, रश्श्याचा गंज (पातेले) चुलीवर तसाच उकळत ठेवावा आणि सगळे सिद्ध झाल्यावरच रस्सा वाटीत ओतावा. सांबार (ज्याला इतरत्र कोथिंबीर म्हणतात) अगदी शेवटी, फोटोच्या क्षणी घाला, कारण गरम रश्श्यात तिचा हिरवा रंग लगेच मावळतो.

मोबाईलमध्ये करायचे ते थोडेच आहे. लेन्स स्वच्छ सुती कापडाने पुसा. स्वयंपाकघरातल्या तेलकट बोटांचा थर हे धुरकट फोटोंचे सर्वांत साधे कारण असते. मग पदार्थाच्या ज्या भागावर नजर जावी असे वाटते तिथे पडद्यावर बोट टेकवा, बहुतेक मोबाईलमध्ये त्याच जागी उजेड कमी-जास्त करण्याची पट्टी दिसते. मोबाईल समोरच्या दृश्याचा उजेड मध्यम करड्या छटेकडे ओढतो, त्यामुळे ज्वारीची पांढरी भाकर फ्रेम भरून असेल तर ती मळकट येते, तेव्हा पट्टी थोडी वर न्यावी. काळ्या तव्यावर काहीतरी असेल तर तवा करडा पडतो, तेव्हा ती खाली आणावी. फार जवळ जाऊन काढू नका, कारण मोबाईलची नेहमीची लेन्स रुंद कोनाची असते आणि जवळून ताटाची पुढची कड फुगलेली दिसते. दोन पावले मागे होऊन, दुप्पट झूमची वेगळी लेन्स असल्यास ती वापरून काढावे, नसल्यास नंतर कडा कापाव्यात. हात हलत असेल तर चार विटा रचून मोबाईल टेकवा आणि तीन सेकंदांचा टायमर लावा.

कोन पदार्थावर अवलंबून असतो. पूर्ण वाढलेले ताट, थालीपीठ, वाळत घातलेल्या कुरड्या यांसारखे पसरलेले पदार्थ सरळ वरून चांगले दिसतात. भाकरींची चवड किंवा फोडून तूप घातलेला रोडगा (निखाऱ्यावर भाजलेला कणकेचा गोळा) यांना उंची असते, म्हणून मोबाईल जवळजवळ ताटाच्या पातळीवर आणावा. रोडग्याच्या आतला पोत आणि त्यात मुरणारे तूप वरून दिसतच नाही. वाटीतल्या पदार्थांसाठी पंगतीत बसून आपण जसे पाहतो तोच तिरका कोन ठेवावा.

भांड्यांच्या बाबतीत माझे मत जरा ठाम आहे. स्टीलचे ताट घरोघरी असले तरी त्यात खिडकी, छत आणि आपला स्वतःचा चेहरासुद्धा उमटतो, म्हणून मी ते टाळते. पळसाच्या पानांची पत्रावळ आपल्याकडे सहज मिळते, तिला चमक नसते, आणि तिच्या मातकट हिरव्या रंगावर पिवळा झुणका विलक्षण उठून दिसतो. खाली सागवानी पाट, गोणपाट किंवा शेणाने सारवलेली जमीन चालते, फुलाफुलांचे मेणकापड चालत नाही.

वांग्याचे भरीत मला अजूनही सर्वांत अवघड जाते, कारण त्याला स्वतःचा रंग नाही आणि आकारही नाही. त्यासाठी भरीत कोपरातून (म्हणजे परातीतून) ताटलीत काढल्यावर ते थापून सपाट करू नये, चमच्याच्या पाठीने त्यात एक-दोन खोलगट वळणे काढावीत, त्या खोलगटांत गरम तेलाची फोडणी साचू द्यावी आणि शेजारी कांद्याची पात व एक अख्खी हिरवी मिरची ठेवावी. उजेड अगदी बाजूने घेतला की वळणांच्या कडा उजळतात आणि भाजलेल्या वांग्याचे काळे कण दिसू लागतात.

फोटो काढल्यावर कडा कापणे आणि उजेड थोडा वाढवणे एवढेच करावे. रंग गडद करण्याचा मोह होतो, पण तिखटाचा लाल रंग वाढवला की त्यातले बारकावे बुजून नुसता लाल डाग उरतो. शिवाय तुम्ही पदार्थ विकत असाल तर गिऱ्हाइकाच्या ताटात तोच रंग आला पाहिजे. व्हॉट्सअॅपवर पाठवताना फोटो आपोआप लहान होतो, म्हणून एचडीचा पर्याय निवडा किंवा तो डॉक्युमेंट म्हणून पाठवा.