फायब्रोमायल्जिया (सतत अंगभर दुखत राहण्याचा आजार) आहे आणि इंग्लंडमधल्या मध्ययुगीन मेळ्याला जायचंय, दिवसभर अंगाला त्रास होणार नाही असा कोणता ड्रेस घेऊ?

डोक्यावरून घालायचा सैल, पायघोळ लोकरी ट्युनिक घ्या आणि आत लिननचा लांब झगा, बास, कंबर आवळणाऱ्या कॉर्सेटच्या भानगडीत पडूच नका (तो मध्ययुगातला नाहीच, नंतरचा आहे). ग्रीनलंडमध्ये हेर्योल्फस्नेसच्या दफनभूमीत 1921 साली खरे मध्ययुगीन कपडे सापडले, आता कोपनहेगनच्या नॅशनल म्युझियममध्ये आहेत, त्यांचं कटिंग बघितलं की कळतं, बाजूला आणि मागेपुढे कळ्या घालून घेर दिलाय त्यामुळे पोटावर-कमरेवर काही आवळत नाही आणि बसताउठताना कापड ओढलं जात नाही. लिनन मात्र आधी दोनतीनदा धुऊन घ्या, नवं कोरं टोचतं, आणि आतल्या शिवणी चपट्या दाबून घ्या.

घेताना एवढं बघा:
- मागून लेस बांधायचा ड्रेस नको, दुसऱ्या माणसाशिवाय निघत नाही
- कोपरापासून मनगटापर्यंत बटणांची रांग फोटोत भारी दिसते पण बोटं आखडलेली असतील तर सकाळीच वैताग
- पट्टा ढिला ठेवा, पाण्याची बाटली वगैरे त्याला लटकवू नका, सगळं वजन कंबरेवर येतं
- त्या काळचे बूट सपाट, पातळ तळाचे असायचे, तुम्ही सरळ आपले रोजचे घाला, घेराखाली कोण बघतंय

फक्त दुखणं मानेखांद्यातच जास्त असेल तर जाड लोकर नको, या कपड्याचा सगळा भार खांद्यावरच येतो, मग पातळ लोकर किंवा नुसतं लिनन बघा.